कंडरेचे वय

१९५१ सालच्या नोव्हेंबरात दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर विजय मर्चंट यांनी इंग्लंडविरुद्ध १५४ धावा केल्या. त्यांच्या कसोटी कारकिर्दीतील ही सर्वांत मोठी खेळी. त्यांचे वय त्या वेळी चाळीस वर्षे आणि थोडे दिवस होते. इतक्या वयात कसोटी शतक करणारा भारतीय फलंदाज त्यानंतर झालेला नाही. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांनी चेंडू अडवण्यासाठी अंग झोकून दिले, खांद्याला दुखापत झाली आणि ती त्यांची अखेरची कसोटी ठरली.

त्याच मैदानावर १० डिसेंबर २००५ रोजी सचिन तेंडुलकरने श्रीलंकेविरुद्ध पस्तिसावे कसोटी शतक पूर्ण करून सुनील गावसकरांचा ३४ शतकांचा विक्रम मागे टाकला. यापूर्वीचे सव्वा वर्ष त्याच्यासाठी फार वाईट गेले होते. ऑगस्ट २००४ मध्ये नेदरलँड्समधील तिरंगी मालिकेच्या वेळी त्याचे डावे कोपर दुखू लागले. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटींना त्याला मुकावे लागले. दुखणे अधूनमधून डोके वर काढत राहिले. अखेर मे २००५ मध्ये लंडन येथे अँड्र्यू वॉलेस या शल्यविशारदाने त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया केली. मार्च २००६ मध्ये उजव्या खांद्याचीही शस्त्रक्रिया झाली. तोवर तो बत्तीस वर्षांचा होता, सोळा वर्षे खेळत होता, आणि त्याची कारकीर्द संपली असे वृत्तपत्रांतून उघड लिहिले जात होते. पुढे तो नोव्हेंबर २०१३ पर्यंत, म्हणजे मर्चंट यांच्या त्या शेवटच्या कसोटीच्या वयापर्यंत खेळला.

खेळाडू दुखापतीने बाहेर बसला की आपण सहज म्हणतो, ‘वय झाले.’ विद्यार्थी येथे एक अगदी रास्त प्रश्न विचारू शकतो: वय झाले ते नेमके कशाचे? बत्तिसाव्या वर्षी सचिनची नजर, हृदय, फुप्फुसे, दंडाचे स्नायू हे सारे ठणठणीत होते. त्याला घरी बसवले ते कोपराच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या, जेमतेम पेराएवढ्या एका पांढऱ्या दोरीने. या दोरीला कंडरा म्हणतात. स्नायू हाडाला बांधण्याचे काम कंडरेचे. बोलीभाषेत आपण तिला ‘शीर’ म्हणतो आणि ‘शीर आखडली’ असे सांगतो. रक्तवाहिनीलाही आपण शीरच म्हणतो. हा घोटाळा वर्गात आधी दूर केलेला बरा, कारण कंडरेची सारी अडचण तिच्यात रक्त कमी असण्याचीच आहे.

कंडरा दाखवायची तर कोंबडीचा पाय उत्तम. कापलेल्या टोकाशी पांढऱ्या, चिवट दोऱ्या दिसतात. त्यांपैकी एक चिमट्याने ओढली की बोटे मिटतात, दुसरी ओढली की उघडतात. आपल्या हाताची रचनाही अशीच आहे. बोटे हलवणारे बहुतेक स्नायू बोटांत नसतात, ते मनगट आणि कोपर यांच्या दरम्यान असतात.

आता विद्यार्थ्यांना एक हात मुठीत आवळायला सांगा व दुसऱ्या हाताने त्याच हाताची मागची बाजू, कोपराच्या थोडी खाली, चाचपायला सांगा. मूठ मिटणारे स्नायू तळहाताच्या बाजूला असतात. तरीही मागची बाजू टणक झालेली जाणवेल. असे का व्हावे? मूठ मिटणाऱ्या कंडरा मनगटावरून जातात, त्यामुळे त्या ओढल्या जाताच मनगटही आत वळू पाहते. ते वळू नये म्हणून मागच्या स्नायूंना तेवढाच उलटा ताण द्यावा लागतो. खात्री करायची असेल तर मनगट पूर्ण आत वाकवून पेन्सिल घट्ट धरून पाहावी. पकड एकदम ढिली पडते आणि शेजारचा मुलगा पेन्सिल सहज काढून घेतो. थोडक्यात, कोणतीही वस्तू घट्ट धरताना मनगट मागे ओढून ठेवणारे स्नायू राबत असतात, आणि त्यांतील बहुतेकांचे मूळ कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एका छोट्याशा जागी बांधलेले असते. टेनिस एल्बो या नावाने प्रसिद्ध असलेले दुखणे याच जागेचे.

त्या जागेवर भार किती येतो याचा अंदाज तरफेच्या साध्या गणिताने करता येतो. टेबलावर पुढचा हात टेकवून, तळवा खाली ठेवून, एक किलोची पिशवी मुठीत धरली असे समजू. मुठीचा मध्य मनगटाच्या सांध्यापासून साधारण साडेसात सेंटिमीटर, तर मागच्या कंडरा सांध्याच्या अक्षापासून जेमतेम दीड सेंटिमीटर. म्हणजे एक किलो तोलण्यासाठी कंडरांना पाच किलोंइतकी ओढ द्यावी लागते. बॅटचे वजन तर मुठीपासून दूर पात्यात असते आणि ती वेगाने फिरवून मध्येच थांबवायचीही असते. सचिनची बॅट बहुतेकांच्या बॅटींपेक्षा जड असे. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा डावा हात दांड्याच्या वरच्या टोकाला असतो आणि फटक्याची दिशा सांभाळतो. सोळा वर्षांतले सामने आणि त्याच्या कितीतरी पट सराव लक्षात घेतला, तर डाव्याच कोपराने तक्रार करावी यात नवल वाटत नाही.

पण स्नायूही तेवढाच राबतो, मग तो का तक्रार करत नाही? येथे दोन्ही ऊतींचा फरक पाहावा लागतो. स्नायू लाल दिसतो, कारण त्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. कंडरा पांढरी दिसते, कारण ती मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या समांतर तंतूंची बनलेली असते. पेशी थोड्या आणि रक्तवाहिन्याही थोड्या. तिचा ऑक्सिजनचा वापर स्नायूच्या सुमारे सातव्या-आठव्या हिश्श्याइतकाच असतो. ताण सहन करण्यासाठी ही रचना अप्रतिम आहे, दुरुस्तीसाठी मात्र अत्यंत गैरसोयीची.

ही दुरुस्ती किती संथ असते, हे डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ मध्ये मोठ्या युक्तीने दाखवले. १९५५ ते १९६३ या काळात वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ या समस्थानिकाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. १९६३ च्या करारानंतर ते वर्षागणिक उतरत गेले. हा कार्बन वनस्पतींत आणि अन्नातून आपल्या शरीरात येतो. त्यामुळे ज्या वर्षी एखादी ऊती बांधली गेली, त्या वर्षाची खूण तिच्यावर उमटते. ऊती सतत नवी होत असेल, तर जुनी खूण पुसली जाते. या संशोधकांनी वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या माणसांच्या टाचेमागील कंडरेचा गाभा तपासला. त्यांच्या स्नायूंतील जुन्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. कंडरेच्या गाभ्यात मात्र आयुष्याच्या पहिल्या सतरा वर्षांतला कार्बन जसाच्या तसा होता!

हा प्रयोग टाचेच्या कंडरेवरचा आहे. कोपराच्या कंडरेला तोच नियम शब्दशः लावता येणार नाही; पण ऊतीचा प्रकार एकच असल्याने फार वेगळे चित्र असण्याचे कारण दिसत नाही. तसे असेल तर गंमत पाहा. ऑगस्ट १९९० मध्ये मँचेस्टरला सचिनने पहिले कसोटी शतक केले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. २००४ साली जी कंडरा दुखू लागली तिचा गाभा मँचेस्टरपर्यंत, म्हणजे मुख्यतः शाळेच्या दिवसांत, शारदाश्रम विद्यामंदिर आणि शिवाजी पार्कवरच्या सरावाच्या वर्षांत विणून झाला होता. माणसाला आयुष्यभर पुरवायची दोरी मिळते ती बहुधा आपल्या शाळांच्या मैदानावर, आणि खेळाचा तास काढून घेताना हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

गाभा बदलत नाही म्हणून कंडरा मृत आहे असे मात्र नाही. तिच्यातील थोड्या पेशींना ओढ जाणवते. व्यायामानंतर त्या कोलॅजेन मोडतात आणि नवे बांधतातही. पहिला दीड दिवस मोडतोड बांधणीपेक्षा जास्त असते. त्यानंतर बांधणी पुढे जाते. या अवधीत पुन्हा तेवढाच भार पडत राहिला की तोट्याची बाकी साचत जाते. टेनिस एल्बो झालेल्या कंडरेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दाह दाखवणाऱ्या पेशी फारशा आढळत नाहीत. आढळतात ते विस्कटलेले तंतू आणि वेड्यावाकड्या वाढलेल्या बारीक रक्तवाहिन्या. हे निरीक्षण १९७० च्या दशकात पुढे आले. म्हणजे हे दुखणे सुजेचे नाही, अर्धवट राहिलेल्या दुरुस्तीचे आहे.

त्यातूनच उपचाराचा विचार बदलला. दाह शमवणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन हा एके काळी हमखास उपाय मानला जाई. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे १९८ रुग्णांवर केलेली एक चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी इंजेक्शन घेतलेले रुग्ण सर्वांत पुढे होते. वर्षअखेरीस मात्र ते, व्यायाम करणाऱ्यांच्याच नव्हे तर काहीही न करता वाट पाहणाऱ्यांच्याही मागे पडले. नुसती सक्तीची विश्रांतीही पुरत नाही, कारण ओढ नसेल तर पेशींना तंतू कोणत्या दिशेने विणायचे हे कळत नाही. हळूहळू वाढवत नेलेला भार, हेच यावरचे मुख्य औषध. शस्त्रक्रियेची पाळी थोड्यांवरच येते. तीत विस्कटलेला भाग काढून टाकून निरोगी कडेला भरून येण्याची संधी देतात. पुढचे महिने पुन्हा व्यायामाचेच. शस्त्रक्रियेनंतर आपल्याला मुलाची प्लास्टिकची बॅटही उचलता येत नव्हती, असे सचिनने पुढे सांगितले आहे. तो सामन्यात परतला तो ऑक्टोबरात, नागपूरला. आणि ९३ धावा काढल्या.

मर्चंट यांच्या वाट्याला हे काही आले नाही. त्यांची दुखापत झिजेची नव्हती, एका क्षणाची होती, त्यामुळे दोघांची सरळ तुलना करू नये. तरीही सांध्यात डोकावणारी व्यवहार्य दुर्बीण जपानमध्ये मासाकी वातानाबे यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस तयार केली आणि कंडरा स्पष्ट दाखवणारे एमआरआय तंत्र त्यानंतर दोन-तीन दशकांनी आले, हे लक्षात ठेवावे. १९५१ साली क्ष-किरणांत हाड दिसे, कंडरा दिसत नसे.

‘टेनिस एल्बो’ या नावाने मात्र पुष्कळ दिशाभूल केली आहे. या दुखण्याचे पहिले वर्णन १८७३ साली जर्मनीत रुंगे यांनी केले, ते लिहिताना होणाऱ्या त्रासाच्या संदर्भात. टेनिसचे नाव त्याला दहा वर्षांनी चिकटले. रुग्णांपैकी बहुतेकांनी रॅकेट कधी हातात धरलेली नसते. पिळे घालून कपडे पिळणारे, पाना फिरवणारे, हातोडी चालवणारे लोक त्यांत असतात आणि वय बहुधा चाळिशी-पन्नाशीचे. पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर या गणेशमूर्तींच्या गावांत तर हातांचे काम दिवसभर चालते. शाडू मळणे, साचे उचलणे, पॉलिश पेपरने मूर्ती घासणे, रंगकाम, डोळ्यांची आखणी या साऱ्यांत मनगट मागे ओढून धरावे लागते. गणपती जवळ आले की कामाचे तास वाढतात आणि मधला दीड दिवस मिळत नाही. तेथील शाळेतल्या मुलांच्या घरी कोपर चोळत बसलेले कोणी असेल, तर त्यांना तपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठवावे आणि एवढे सुचवावे: घासण्याचे आणि उचलण्याचे काम एका दिवशी, आखणीसारखे हलके काम दुसऱ्या दिवशी, अशी पाळी लावता आली तर पाहावी, वस्तू उचलताना शक्यतो तळवा वर ठेवावा. दुखणे सोसण्याजोगे झाले की हात टेबलावर टेकवून, तळवा खाली करून, पाण्याची अर्धा लिटरची बाटली धरावी. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर न्यावे आणि मदत सोडून चार-पाच अंक मोजत सावकाश खाली आणावे. फरक दिसायला आठवडे नव्हे, महिने लागतात.