पोटातला गोळा

रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले, तर भाचीच्या खोलीत दिवा जळत होता. सी.ए.च्या फायनलच्या अभ्यासासाठी ती नाशिकहून माझ्याकडे पुण्याला आली आहे. परीक्षा तीन आठवड्यांवर. समोर पुस्तक उघडं, हातात पिवळा मार्कर आणि पोर मुसमुसत होती.

''मावशी, हे तीनदा वाचलंय गं. तरी एक शब्द आठवत नाही. मी या वेळी बसतच नाही.''

मी तिच्याजवळ बसले. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं.

नोव्हेंबर 1994. मीही तीच परीक्षा देत होते. प्रत्येक पेपरात किमान 40 टक्के आणि पुऱ्या ग्रुपात मिळून 50 टक्के, हा नियम तेव्हाही होता. त्यामुळे एका पेपराची भीती साऱ्या ग्रुपाला पुरते! तिसऱ्या पेपराची प्रश्नपत्रिका हातात आली आणि अक्षरंच लागेनात. हातपाय गार, पोटात गोळा. तासाभरानं जवळजवळ कोरी उत्तरपत्रिका देऊन मी बाहेर पडले. घरी मात्र सांगितलं, ''पेपर फार कठीण होता.'' निकालाच्या दिवशी बाबा काहीच बोलले नाहीत. पुढे ते गेले. खरं सांगायचं राहूनच गेलं.

ज्या ऑफिसात मी आर्टिकलशिप केली, तिथल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांना मात्र ते कळलं. ते एवढंच म्हणाले, ''तू वाचतेस खूप, लिहितेस कधी?'' पुढचे सहा महिने मी रोज पुस्तक मिटून, घड्याळ लावून उत्तरं लिहिली. भीती गेली असं नाही. पण ती आता ओळखीची झाली. मे महिन्यात तो ग्रुप सुटला.

त्यांच्या बोलण्यातलं शास्त्र मला खूप उशिरा कळलं. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुनःपुन्हा वाचले, काहींनी वाचून झाल्यावर आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानं आठवून लिहिणारे. गंमत म्हणजे आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती! उजळणी करताना पान ओळखीचं वाटतं आणि आपण त्यालाच 'येतं' म्हणतो. पुस्तक मिटलं की पाटी कोरी, आणि मग छातीत धडधड.

भीतीही कागदावर उतरवता येते. 2011 साली 'सायन्स' या नियतकालिकात रामिरेझ आणि बायलॉक यांचे प्रयोग छापून आले. परीक्षेच्या तोंडावर दहा मिनिटं आपल्या मनातली धास्ती लिहून काढणाऱ्या, एरवी फार घाबरणाऱ्या मुलांचे गुण त्यात सुधारले होते.

त्या रात्री मी भाचीला आधी 1994 ची ती गोष्ट सांगितली. घरातल्या कुणाला पहिल्यांदाच. ती डोळे पुसत म्हणाली, ''तू? तू पेपर सोडून आलीस?'' आणि चक्क हसली. मग मी तिचं पुस्तक मिटलं आणि जुन्या कॅलेंडरचं पान पाठकोरं तिच्यासमोर ठेवलं. ''आठवेल तेवढं लिही.'' 'एक शब्द आठवत नाही' म्हणणाऱ्या पोरीनं अर्धं पान भरलं. जे आलं नाही, ती झाली उद्याच्या अभ्यासाची यादी. अडीच वाजता दिवा मालवला.

सगळ्यांचं इतक्यावर भागतंच असं नाही. झोप, जेवण दिवसेंदिवस तुटत असेल किंवा मूल जगण्यालाच कंटाळल्यासारखं बोलू लागलं, तर 'परीक्षेनंतर बघू' म्हणू नये. लगेच डॉक्टरांना गाठावं. 2022 पासून सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतूनही मिळते.

सकाळी ताईचा फोन आला. नेहमीचाच प्रश्न, ''झाला का गं तिचा अभ्यास पुरा?'' मी म्हटलं, ''ताई, आज तिला फक्त 'जेवलीस का' एवढंच विचार. आणि तुझ्याशीही बोलायचंय. बाबांना सांगायचं राहिलेलं एक आहे.''