जुनी इंग्रजी : ओळखीच्या शब्दांचा चकवा

जुनं इंग्रजी पुस्तक वाचताना अनोळखी शब्द अडला, तर आपण शब्दकोश उघडतो. घात करतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. त्यांना आजचा अर्थ चिकटवला की लेखकाचं म्हणणं हातचं निसटतं. अशाच काही समजांची ही तपासणी.

गैरसमज : शेक्सपिअरची भाषा म्हणजे ‘ओल्ड इंग्लिश’.

वस्तुस्थिती : ओल्ड इंग्लिशचा काळ साधारण इ.स. ११५०पर्यंतचा. ‘बेओवुल्फ’ हे काव्य त्या भाषेतलं. ती वेगळी शिकल्याशिवाय आजच्या इंग्रजालाही ते वाचता येत नाही. चॉसरची भाषा मधल्या टप्प्यातली. शेक्सपिअर (१५६४–१६१६) हा आधुनिक इंग्रजीच्या आरंभकाळातला.

गैरसमज : पाट्यांवरच्या ‘यी ओल्ड’मधला ‘यी’ पूर्वी तसाच उच्चारत.

वस्तुस्थिती : तो साधा ‘द’ आहे. या उच्चारासाठी इंग्रजीत थॉर्न नावाचं अक्षर होतं. हस्तलिखितांत त्याचं वळण हळूहळू ‘वाय’सारखं झालं. १४७६मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. युरोपच्या मुख्य भूमीवरून आलेल्या खिळ्यांत थॉर्न नसे. मग छापणारे त्या जागी ‘वाय’ बसवत आणि त्याच्या डोक्यावर बारीक ‘ई’. वाचताना मात्र ‘द’च म्हणत. दुकानांच्या पाट्यांवर हे रूप आलं ते फार नंतर, जुनेपणाचा थाट म्हणून.

गैरसमज : ‘दाउ’ हे आदरार्थी संबोधन.

वस्तुस्थिती : नेमकं उलट. ‘दाउ’ म्हणजे तू. ‘यू’ म्हणजे तुम्ही. १६०३मध्ये वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्याला मुद्दाम ‘दाउ’ म्हणून हिणवलं. त्याच शतकात क्वेकर पंथाचे लोक समतेच्या तत्त्वाने लहानथोर सगळ्यांनाच ‘दाउ’ म्हणत आणि त्यापायी रोष ओढवून घेत. पुढे हा शब्द रोजच्या बोलण्यातून गेला, प्रार्थनेत तेवढा उरला आणि म्हणून भारदस्त वाटू लागला. अरे-तुरे आणि अहो-जाहो यांतला फरक जाणणाऱ्या मराठी वाचकाला शेक्सपिअरच्या संवादांतली ही उतरंड चटकन कळू शकते.

गैरसमज : सज्जात उभी असलेली ज्युलिएट ‘रोमिओ, तू कुठे आहेस?’ असं विचारते.

वस्तुस्थिती : तिच्या मूळ वाक्यातला ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘कुठे’ नव्हे, तर ‘का’, ‘कशासाठी’. तू रोमिओच का असावास, वैऱ्याच्या घराण्यातला का असावास, ही तिची व्यथा आहे. ‘कुठे’ असा अर्थ घेतला तर त्या प्रसंगातलं दुःखच हरवतं.

गैरसमज : शब्दकोशात आहे म्हणजे शब्द कधीतरी वापरात असणारच.

वस्तुस्थिती : १९३४च्या वेब्स्टर कोशात ‘डॉर्ड’ हा शब्द ‘घनता’ या अर्थाने छापला गेला. मुळात ती घनतेच्या संक्षेपाची चिठ्ठी होती : मोठा ‘डी’ किंवा लहान ‘डी’. मधला ‘ऑर’ दोन्ही अक्षरांना जोडून वाचला गेला आणि नवाच शब्द जन्मला. ही चूक १९३९मध्ये ध्यानात आली.

गैरसमज : जुने शब्द कायमचे मेले.

वस्तुस्थिती : ‘टू अँड फ्रो’मधला ‘फ्रो’ एकटा आढळत नाही, पण जोडीने टिकला आहे. मुंबईतल्या इंग्रजी भाडेकरारांतही ‘विटनेसेथ’ हे जुनं क्रियारूप अजून भेटतं.

म्हणूनच जुना मजकूर वाचताना ऑक्सफर्डचा मोठा कोश जवळ हवा. १८८४ ते १९२८ या काळात खंडाखंडाने निघालेल्या या कोशात अर्थ कालक्रमाने, सालासह उताऱ्यांनिशी दिलेले आहेत. पुस्तकाचं साल पाहावं आणि त्या काळचा अर्थ घ्यावा.