बालपणींचा घाव आणि उतारवयाचें आरोग्य

छत्रपति संभाजीनगराजवळच्या हर्सूलास तलाव आहे, हरसिद्धी देवीचें देऊळ आहे, आणि मध्यवर्ती कारागृहही आहे. कारागृह म्हटलें कीं डोळ्यांपुढें कैदी उभा राहतो. त्याचें मूल मात्र कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. त्या मुलास कोणत्याही न्यायालयानें शिक्षा दिलेली नसते. तथापि तें ती भोगतें, आणि कित्येकदां बापाच्या सुटकेनंतरही भोगीत राहतें.

हें आम्ही केवळ करुणेपोटीं म्हणत नाहीं. अमेरिकेंतील डॉ. फेलिट्टी, डॉ. अँडा व त्यांचे सहकारी यांनीं सॅन डिएगो येथील ९,५०८ प्रौढांच्या बालपणाची विचारपूस करून १९९८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. मानसिक छळ, मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड आणि घरांतील कोणाचें व्यसन, मनोविकार वा कारावास, असे आपत्तींचे सात प्रकार त्यांनीं मानले. ज्यांच्या वांट्यास हे प्रकार अधिक आले, त्यांच्यांत पुढें हृदयविकार, कर्करोग व यकृताचे विकार अधिक आढळले.

याचें कारण काय? भीतीच्या क्षणीं मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून कॉर्टिसॉल नांवाचा रस रक्तांत येतो व शरीरास सज्ज करतो. संकट टळतांच तो ओसरला पाहिजे. परंतु भय नित्याचेंच झालें, म्हणजे ही व्यवस्था बिघडते, शरीरांत मंद दाह धुमसत राहतो, आणि गुणसूत्रांच्या टोकांची झीजही लवकर होत असल्याचें कित्येक पाहण्यांत दिसलें आहे. व्यसनांकडे वळणारीं पाउलें निराळींच!

२००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्त्री-कैद्यांचीं मुलें सहा वर्षांपर्यंत आईजवळ ठेवण्याची मुभा देऊन, त्यांना कैदी मानूं नये, अन्न, वस्त्र, औषध व शिक्षण द्यावें, असें बजावलें. पण सहा वर्षांनंतर, किंवा बाहेरच राहिलेल्या मुलांचें काय?

तें काम समाजाचें आहे, आणि तें दुर्घटही नाहीं. बालपणींचा घाव म्हणजे कांहीं ललाटरेषा नव्हे. विश्वासाचें एक जरी वडील माणूस जवळ असलें, तरी मुलाचें शरीर व मन पुष्कळ सांवरतें. आजी, काका, आत्या यांनीं भरलेल्या आपल्या घरांत अशा माणसांची वाण नाहीं. तेव्हां आपल्या मुलाच्या वर्गांत असें एखादें मूल असेल, तर “त्याच्याशीं खेळूं नकोस” असें न म्हणतां, त्यालाही आपल्या पंक्तीस पाट मांडावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.