इंटरकूलरची जाडी

रांजणगावात तयार झालेली माझी अबार्थ पुंटो, 145 अश्वशक्तीची, उन्हाळ्यात ताम्हिणी चढताना मलूल व्हायची. टर्बो एक बारपर्यंत दाब वाढवतो तेव्हा 30 अंशांची हवा शंभरीपार तापते. ती नीट निवली नाही तर इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून संगणक ठिणगी उशिरा टाकतो, ताकद घटते. मोठा इंटरकूलर घ्यायचा ठरवलं आणि जाडजूड, वजनदार ‘बार अँड प्लेट’वर भाळलो. असा गाभा उशिरा तापतो खरा, पण निवतोही उशिरा. शिवाय जाड गाभ्याच्या मागच्या थराला वारा मिळतो तो तापलेलाच. पाठीमागच्या रेडिएटरला तर त्याहून कढत. घाटात चढ लांब, वेग कमी. शेवटी पातळ, रुंद, हलका ‘ट्यूब अँड फिन’ घेतला. त्यासाठी बंपर आतून कापावा लागला. घरी अजून सांगितलेलं नाही.