बिकरस्टाफ मस्तिष्कस्तंभशोथ : स्वरूप आणि विषाणुसंसर्गाशी संभाव्य संबंध

प्रस्तावना :
मस्तिष्कस्तंभ हा मोठा मेंदू आणि मेरुरज्जू यांना जोडणारा, अंगठ्याएवढा भाग होय. मध्यमस्तिष्क, सेतू व लंबमज्जा हे त्याचे तीन घटक आहेत. डोळ्यांच्या हालचाली, गिळणे, श्वसन आणि जागृतावस्था यांचे नियंत्रण येथून होते. त्यामुळे या लहानशा भागाचा दाह संपूर्ण शरीरास संकटात टाकतो. अशा दाहाचा एक दुर्मिळ प्रकार 'बिकरस्टाफ मस्तिष्कस्तंभशोथ' या नावाने ओळखला जातो. जपानमधील देशव्यापी पाहणीनुसार तेथे वर्षाला सुमारे 100 रुग्ण आढळतात. प्रस्तुत लेखात या विकाराचे स्वरूप व त्याचा विषाणुसंसर्गाशी असलेला संभाव्य संबंध यांचा विचार केला आहे.

इतिहास व लक्षणे :
इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील मज्जाविकारतज्ज्ञ एडविन बिकरस्टाफ यांनी 1951 मध्ये फिलिप क्लोक यांच्यासमवेत तीन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. 1957 मध्ये त्यांनी आठ रुग्णांची माहिती मांडली. रुग्णाची अवस्था अत्यंत गंभीर दिसत असली तरी परिणाम बहुधा चांगला होतो, हे त्यांचे प्रमुख निरीक्षण होते.

सर्दी, ताप, घसादुखी किंवा जुलाब होऊन गेल्यानंतर काही दिवसांत रुग्णास एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, चालताना तोल जातो आणि गुंगी येऊ लागते. नेत्रस्नायूंचा पक्षाघात, असंतुलन आणि जाणीव मंदावणे किंवा प्रतिक्षिप्त क्रिया तीव्र होणे, ही निदानाची मुख्य सूत्रे होत. जपानमधील 62 रुग्णांच्या 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 92 टक्के रुग्णांना आधी एखादा आजार होऊन गेला होता. 74 टक्के रुग्णांची जाणीव बाधित झाली होती. मात्र एमआरआय चित्रणात केवळ 30 टक्के रुग्णांच्या मेंदूत दोष दिसला. म्हणजेच चित्रण निर्दोष असल्यामुळे हा विकार नाही, असे म्हणता येत नाही.

कारणमीमांसा :
विषाणू मस्तिष्कस्तंभास दोन मार्गांनी अपाय करू शकतो. पहिला मार्ग प्रत्यक्ष आक्रमणाचा. तैवानमध्ये 1998 साली एंटेरोव्हायरस 71 च्या साथीत अनेक बालकांच्या मस्तिष्कस्तंभास असा संसर्ग झाला होता. दुसरा मार्ग अप्रत्यक्ष आहे. संसर्ग ओसरल्यावर, त्याच्याविरुद्ध निर्माण झालेली प्रतिपिंडे शरीराच्याच घटकांवर उलटतात. बिकरस्टाफ विकारात हा दुसरा मार्ग प्रमुख मानला जातो.

यास आधार देणारा पुरावा 'जीक्यू1बी' या गँग्लिओसाइडविरुद्धच्या प्रतिपिंडांचा आहे. ही प्रतिपिंडे 1992 मध्ये मिलर फिशर लक्षणसमूहात व 1993 मध्ये बिकरस्टाफ विकारात आढळली. वरील जपानी अभ्यासात त्यांचे प्रमाण 66 टक्के होते. हा घटक नेत्रगोल फिरविणाऱ्या मज्जातंतूंत विपुल असल्याने डोळे प्रथम का बाधित होतात, याचा उलगडा होतो. दोन्ही विकार गियाँ-बारे लक्षणसमूहाशी एकाच मालिकेत जोडले जातात.

या यंत्रणेचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र विषाणूंचा नसून जिवाणूंचा आहे. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूच्या आवरणातील रेणू मज्जातंतूंतील गँग्लिओसाइडशी साम्य राखतात. या साम्यामुळे प्रतिपिंडांची फसगत होते. सायटोमेगॅलो, एप्स्टाइन-बार आणि 2020 नंतर सार्स-कोव्ह-2 या विषाणूंच्या संसर्गानंतरचे रुग्णही नोंदले गेले आहेत. तथापि या बहुतांशी एकेका रुग्णाच्या नोंदी आहेत. संसर्गानंतर विकार होणे म्हणजे संसर्गामुळे विकार होणे नव्हे, हा भेद येथे महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्रास हा विषय परका नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे लक्षणसमूहाचा उद्रेक झाला व संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी, तर काहींत नोरोव्हायरस आढळला. दूषित पाण्यातून उद्भवणारा आतड्याचा साधा विकार मज्जासंस्थेपर्यंत कसा पोहोचतो, याचे हे जवळचे उदाहरण होय.

निदान व उपचार :
लिस्टेरिया व क्षय यांचा संसर्ग, नागीण विषाणूजन्य मस्तिष्कशोथ, मस्तिष्कस्तंभातील रक्तपुरवठ्याचा अडथळा, थायमिनची न्यूनता आणि बॉट्युलिझम यांतही काहीशी अशीच लक्षणे दिसतात. यांपैकी अनेकांवर निश्चित उपचार असल्याने ती कारणे त्वरेने पडताळणे आवश्यक ठरते. बिकरस्टाफ विकारात शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन अथवा प्लाझ्मा-विनिमय हे उपचार दिले जातात. त्यांचा आधार मुख्यतः गियाँ-बारे लक्षणसमूहातील अनुभव हा आहे. श्वसन मंदावल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो.

निष्कर्ष :
विषाणुसंसर्ग हे या विकाराचे एकमेव कारण नसून प्रतिक्षमतेच्या विपरीत प्रतिसादास चालना देणारा एक संभाव्य घटक आहे. अतिगंभीर अवस्थेत गेलेला, हाकेला प्रतिसाद न देणारा रुग्णही काही महिन्यांत पूर्ववत होऊ शकतो. म्हणूनच अशा रुग्णाविषयी आशा सोडण्यापूर्वी त्याला अलीकडे कोणता ताप वा जुलाब झाला होता, हा साधा प्रश्न विचारला जाणे अगत्याचे आहे.