एकट्या कारागिराचा माल

सूत, रंग, विणकाम, विक्री सारे एकहाती करणारा कारागीर आम्ही कापडबाजारात क्वचितच पाहिला. अमेरिकेतील सिएटलच्या एरिक बॅरोन यांनी संगणकावरचा खेळ तसा बनवला. २०११ मध्ये पदवी मिळाली, नोकरी नाही. मग चित्रे, संगीत, कथा, प्रोग्रॅम सर्व स्वतःच. साडेचार वर्षे थिएटरातील अर्धवेळ नोकरी आणि जोडीदारणीच्या कमाईवर घर चालले. न पटलेली चित्रे पुनःपुन्हा काढली. २०१६ मध्ये 'स्टारड्यू व्हॅली' बाजारात आला. दोन महिन्यांत दहा लाखांवर प्रती खपल्या. नंतरची भर जुन्या गिऱ्हाइकांनाही मोफत दिली.

बंधूंनो, प्रत्येकाचे नशीब असे उघडत नाही. पण उधारीचा तगादा आला की आम्ही कच्च्या रंगाचे थान खपवून मोकळे होतो. पहिल्या धुलाईत रंग जातो, मागोमाग गिऱ्हाईकही.