तीन शहरांचा सफर : मुक्काम कुठे करावा?

वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीरच्या आपल्या घरांतून बाहेरगावी जाणे बहुधा लग्नाला, नाहीतर दवाखान्याला होते. राहायला नातेवाइकांचे घर असते. म्हणून नुसते फिरायला निघायचे ठरले की गाडीच्या आधी प्रश्न येतो, उतरायचे कुठे?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हैदराबाद, गुलबर्गा आणि विजापूर असा रेल्वेने सफर केला. आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी, म्हणजे सासूबाई. अम्मींचे वय पंचाहत्तर, गुडघे दुखरे. चारमिनार आणि हजरत ख्वाजा बंदानवाज यांची दर्गाह एकदा पाहावी, ही त्यांची जुनी इच्छा. पुढच्या वर्षी जाऊ, असे म्हणण्यासारखे त्यांचे गुडघे राहिले नव्हते. म्हणून खोली निवडताना पहिला विचार त्यांच्या चालण्याचा केला.

आधी तिकिटे, मग खोली. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होते. गाडी किती वाजता पोहोचते हे कळल्याशिवाय खोली ठरवू नये. तिकीट काढताना नावेही लक्षात ठेवा : १ नोव्हेंबर २०१४ पासून गुलबर्गा हे कलबुर्गी आणि विजापूर हे विजयपुरा झाले आहे.

हैदराबादेत सिकंदराबाद, काचीगुडा आणि नामपल्ली अशी मोठी स्टेशने आहेत. सिकंदराबाद उत्तरेला, तर १५९१ साली बांधलेला चारमिनार दक्षिणेला जुन्या शहरात. सिकंदराबादेत एक खोली दोनशे रुपयांनी स्वस्त मिळत होती. पण पाच माणसांना दोन रिक्षा लागतात. ते दोनशे जाण्यातच संपले असते. आम्ही पथरगट्टीच्या बाजूला राहिलो. चारमिनार, मक्का मशीद पायी आणि सालारजंग संग्रहालयही जवळच. (संग्रहालय शुक्रवारी बंद असते.) अम्मी सकाळी फिरत, जोहरनंतर खोलीवर आराम करत आणि संध्याकाळी पुन्हा ताज्या होत. खोली लांब असती तर दुपारनंतरचा त्यांचा दिवस गेलाच असता.

गुलबर्ग्यात एकच रात्र होती आणि पुढची गाडी पहाटेची. तिथे स्टेशनजवळची खोली घेतली. दर्गाहला आणि किल्ल्यातली १३६७ ची, अंगणाशिवायची, पूर्ण छताखालची जामा मशीद पाहायला रिक्षाने गेलो. जीकादमध्ये उर्स असतो. त्या दिवसांत जायचे तर खोली फार आधी धरावी लागते.

यावरून आमचा साधा हिशोब झाला : एक रात्र असेल तर स्टेशनजवळ, दोन किंवा जास्त असतील तर जे पाहायचे त्याच्याजवळ. विजापुरात हा प्रश्नच येत नाही, कारण स्टेशन आणि गोलघुमट जवळजवळ आहेत. फक्त काही तास थांबायचे असेल तर स्टेशनवरचे रिटायरिंग रूमही पाहावे. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ते मिळते.

फोनवर नीट विचारावे. 'स्टेशनपासून पाच मिनिटे' म्हणजे पायी की रिक्षाने? मध्ये पूल चढावा लागतो का? कमोड आहे का? चेकआउट चोवीस तासांचा की दुपारी बाराचा? रात्री उशिरा आलो तर दार उघडेल का? लिफ्टचे तर खोदून विचारावे. एका लॉजवर लिफ्ट खरोखर होती, पण तिच्यापर्यंत जायला बारा पायऱ्या होत्या! अम्मींना दोघांनी धरून वर न्यावे लागले. मोठ्या माणसांची सर्वांची ओळखपत्रे सोबत असावीत. जवळ मशीद आणि हलाल जेवण कुठे मिळते, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.

विजापुरात सकाळी लवकर, गर्दीच्या आधी, मुले गोलघुमटाच्या सज्जात आवाज घुमवायला चढली. अम्मी चढल्या नाहीत. खाली बागेत तसबीह घेऊन बसल्या. ऊन चढले तसे त्यांना म्हटले, 'अम्मी, खोलीवर जायचे?' त्या म्हणाल्या, 'जवळच तर आहे, बसू दे थोडा वेळ.'